ज्याची फाइल उघडंल तोच कॅमेरा

४ नोव्हेंबर २०१२, रविवार. सौंसर.

आमच्या धाकटीचं, करुणाचं, लग्न पक्कं झालं. तारीख १७ फेब्रुवारी. बोरगाववरून राहुलकडचे सात लोक आले होते. राहुल तिथल्या कंपनीत मशीनवर आहे. बोलतो कमी, पण मुलगा चांगला. बोलणारा त्याचा मोठा भाऊ सागर. हॉल, जेवण, बँड, सगळं त्यानंच ठरवून टाकलं अन् शेवटी म्हणाला, "शूटिंगचं टेन्शन नका घेऊ काकाजी. पांढुर्ण्याचा स्टुडिओवाला सांगून ठेवला. क्रेन आणते तो."

मी म्हटलं, "तो मानूस माह्या मांडवात येणार नाई."

सागरला काय माहीत. दोन वर्षांआधी आमची मोठी, सुजाता, पांढुर्ण्यात दिली, तेव्हा शूटिंग ह्याच माणसाचं होतं. सात महिन्यांनी सीडी दिली. लावली तर सुरुवातीलाच गणपती गरगर फिरत येतात, घंटा वाजते, श्लोक होतो. ज्यांचे ते देव आहेत त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण आमच्या पोरीचं लग्न बुद्धासमोर अन् बाबासाहेबांच्या फोटोसमोर लागलं होतं. त्रिशरण-पंचशील चाळीस सेकंद, तेही आवाज बंद करून वरून सिनेमाचं गाणं. पोरीनं अन् जावयानं घेतलेल्या प्रतिज्ञा तर नाहीतच. मी त्याच्या दुकानात गेलो तर म्हणाला, "काकाजी, ते टेम्प्लेट आहे. सगळ्यायच्या लग्नात असंच येते. अन् वंदना लंबी होते, लोक बोर होतात." तेव्हा मी उठून घरी आलो. दोन वर्षं ते माझ्या घशात अडकून आहे.

तर आज सगळ्यांसमोर म्हणून टाकलं, "करुणाच्या लग्नाची शूटिंग मी करीन. जोडून सीडी बी मीच करीन."

सागर हसला. "काकाजी, हा लाइटचा खांब नोहे चढाले."

चौतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होतो. खांबाबद्दल मला कोणी सांगू नये.

बायकोनं, चंद्रकलानं, पाहुण्यांना चहाचे भरून कप दिले अन् मला अर्धा. घरचा माणूस म्हणून. तरी बशीत सांडला. बोलण्याच्या तावात होतो.

७ नोव्हेंबर, बुधवार

करुणा जनपद पंचायतीच्या ऑफिसात कंप्युटरवर एंट्री करते, घरचा कंप्युटर तिनंच घेतलेला. तिला म्हटलं, चांगला कॅमेरा कोणता ते पाह्य. ती म्हणाली, "बाबा, चांगला कॅमेरा मंग पाहू. आधी हे पाहा." मैत्रिणीच्या लग्नाची एक फाइल तिनं आमच्या फिल्म जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. उघडलीच नाही. दुसरी टाकली, ती उघडली पण अडकत अडकत चालली, जसा लो-व्होल्टेजवर पंखा.

कारण असं, की प्रत्येक कॅमेरा आपल्या आपल्या पद्धतीची फाइल बनवतो. एकाची एमटीएस, एकाची एमपीजी, एकाची एमपी-फोर. सगळ्या सॉफ्टवेअरला सगळ्या समजत नाहीत. कॅमेरा कितीही भारी घेतला अन् त्याची फाइल घरी उघडली नाही, तर ती जोडायला पुन्हा स्टुडिओवाल्याच्याच दारात जावं लागणार.

म्हणजे गोष्ट सोपी आहे. टेस्टर लावल्याशिवाय तार हातात घ्यायची नाही. ज्याची फाइल आमच्या घरी उघडंल तोच कॅमेरा. वहीत लिहून ठेवलं.

पेन चांगलं नाही. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं होते.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या बसनं नागपूर. सीताबर्डीवर कॅमेऱ्याची तीन दुकानं फिरलो. स्वतःचं मेमरी कार्ड अन् पेन ड्राइव्ह घेऊन गेलो होतो. पहिला म्हणाला, "सत्तर एक्सचा झूम आहे अंकल." मी विचारलं, फाइल कोणती? तो म्हणाला, "एकदम क्लिअर." मी म्हटलं, क्लिअर नाही विचारलं, फाइल विचारली. एक मिनिट शूटिंग करून माझ्या कार्डात द्या, घरी उघडून पाहतो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. दुसऱ्या दुकानात खांद्यावरचा मोठा कॅमेरा दाखवला, अन् अशी मागणी आजपर्यंत कोणी केली नाही म्हणाले. आता झाली ना, म्हटलं.

तिसऱ्या दुकानात दिपाली नावाची मुलगी होती. तिनं चार कॅमेरे काउंटरवर मांडले अन् म्हणाली, "बरोबर विचारता काका. घेऊन गेल्यावर लोक परत येतात भांडायला." प्रत्येक कॅमेऱ्यानं मी एक मिनिट रस्ता काढला. एक टेपवाला होता, त्याची वायर कंप्युटरला कुठे लागते ते भोक मी वहीत काढून घेतलं. शूटिंग काढताना ती म्हणाली, "काका, दोन्ही हातांनी धरा." मग म्हणाली, "बसता का? पाणी देऊ?" अडीच तास बसमध्ये उभा होतो, तिला चेहऱ्यावरून कळलं असेल. शेवटचं एक मिनिट तिनं स्वतः काढून दिलं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

निकाल. टेपवाला बाद, तसं भोक आमच्या कंप्युटरला मागेपुढे कुठेच नाही. खांद्यावरच्या मोठ्याचा लहान भाऊ, एमटीएसवाला, बाद. तिसऱ्याची एमपीजी उघडली, चित्र आलं, आवाज नाही. मुकी वंदना काय करायची? चौथा सगळ्यात लहान, तळहातात मावणारा, एमपी-फोर. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तोही अडला. करुणानं नेटवरून दुसरं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, त्यात उघडला. मोठं चित्र ठेवलं तर कंप्युटर दम खाते, एक पायरी लहान ठेवलं तर धावते. आवाजासह.

एकच खोट. सगळ्या क्लिपा हलतात. रस्ता, बस, माणसं, सगळं भूकंपासारखं. करुणा म्हणाली, "बाबा, त्या मॅडमनं काढलेली नाई हलून राहिली." मी म्हटलं, तिचं रोजचं काम आहे ते. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. काय पाहायचं त्यात?

२ डिसेंबर, रविवार

चौथा कॅमेरा आणला. सागरला फोटो पाठवला करुणानं. त्याचा फोन आला, "काकाजी, हा तं खेळणं वाटते. लोक हसतील."

म्हटलं, "हसू दे. हसताना बी काढीन."

९ डिसेंबर, रविवार

सहा तारखेला विहारात महापरिनिर्वाण दिनाचं अभिवादन होतं. सराव म्हणून सगळं काढलं. आज विहारातल्या टीव्हीवर लावलं. दहा मिनिटांत दोन बायांनी डोळे मिटून घेतले, एकजण म्हणाला मळमळते. कॅमेरा फारच हलका, त्यानं हलते. खाली वजन बांधावं लागेल. किंवा थंडी.

मधली पाच मिनिटं मात्र दगडासारखी स्थिर होती. तेव्हा मी सतरंज्या उचलायला गेलो होतो अन् कॅमेरा चंद्रकलाजवळ दिला होता.

"खुर्चीवर ठेवून काढली का?" मी विचारलं.

"नाई. हातात होता."

तीस वर्षं ती लोकांच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमा बांधते. ब्लेडनं साल चिरायची, डोळा बसवायचा, पट्टी गुंडाळायची, दिवसाला शेकड्यानं. तिचा हात तसा बसलेला असेल. पण शूटिंगला डोकं लागते.

२२ डिसेंबर, शनिवार

आज घरात भांडण झालं.

सकाळी शर्ट घातला तर बटणांच्या जागी चिमटीचे टिचबटण. सगळ्या शर्टांना. चंद्रकलानं न विचारता शिवून टाकले. "काहून?" म्हटलं तर म्हणे, "फॅशन आहे."

मग बँक. कॅमेऱ्याची बॅटरी अन् स्टँड आणायला पैसे काढायचे होते. काउंटरवरची बाई नवीन आहे, माझी सही जुळत नाही म्हणून तिनं तीन वेळा करायला लावली. मागे रांग. चौथ्यांदा मी फॉर्मच फाडला अन् घरी आलो.

चंद्रकला म्हणाली, "आता दवाखान्यात चला."

"बँकेच्या बाईले दाखवाचं का दवाखान्यात?"

"तुमाले."

"मले काय झालं?"

करुणा बोलली, "बाबा, एक वर्षापासून आमी पाहून राहिलो."

मी म्हटलं, अकरा हजार व्होल्टच्या लाइनखाली चौतीस वर्षं ह्या हातांनी काम केलं, एकदा चुकले नाहीत, चुकले असते तर आज तुमचं ऐकायला मी नसतो. लग्नाची शूटिंग काढून घ्यायची आहे तर सरळ सांगा. सागरनं शिकवलं का?

करुणा रडली. मी तिला रडवलं. ते मला नव्हतं करायचं.

३ जानेवारी २०१३, गुरुवार

दुपारी कार्डातल्या फाइली कंप्युटरात उतरवत होतो. एक फाइल मी काढलेली नव्हती. उघडली. आमचं अंगण, सावली, अन् मी खुर्चीवर बसून ही डायरी लिहितो आहे. सहा मिनिटं. भिंतीवरची खुंटी, दोरीवरचं लुगडं, मागची मांजर, सगळं जागच्या जागी, अजिबात हललं नाही.

फक्त माझा उजवा हात. लिहिणं थांबवून मांडीवर ठेवला तर तिथंही. अंगठा बोटावर असा घासत होता, जशी कोणी तंबाखू मळते. मी तंबाखू खात नाही.

कॅमेरा नव्हता हलत. मी पुन्हा लावून पाहिलं. मग पुन्हा.

चंद्रकला दारात उभी होती. म्हणाली, "तोंडानं सांगतलं तं तुमी आयकत नव्हते. तुमाले फाइल उघडून पाहाची सवय आहे."

४ जानेवारी

काही लिहायचं नाही.

९ जानेवारी, बुधवार

नागपूर. डॉक्टर तरुण पोरगी. बोट नाकाला लावायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. कंपवात म्हणाली. गोळ्यांनी कमी होते, जात नाही, हळूहळू वाढू शकते. अक्षर बारीक होते तेही त्यातच येते. मी विचारलं, "पेनमुळं नाई?" ती म्हणाली, "नाही काका."

येताना बसमध्ये चंद्रकलानं खिडकीची जागा मला दिली. लोधीखेडं आलं. मग तीच म्हणाली, "आता तुमच्यानं होत नाई असं मी म्हटलं का?"

"नाई."

"मंग तोंड पाडून बसू नका."

११ जानेवारी, शुक्रवार

बँकेत गेलो. त्याच बाईसमोर बसलो अन् म्हटलं, "माझी सही आता अशीच येईन. जुनी येणार नाई. नमुन्याचा कागद नवीन करा." तिनं कार्ड दिलं. तीन जागी केली. वेळ लागला, मागे रांग होती, उभी राहू दिली. सही वाकडी आहे पण माझी आहे.

२० जानेवारी, रविवार

सागर आला, सोबत राहुल. गावात गोष्ट लपत नाही. सागर ह्या वेळी हळू आवाजात बोलला, ते मला जास्त लागलं. "काकाजी, तब्येत सांभाळा. आता तं जिद्द सोडा. स्टुडिओवाला येईन, गणपती नाई टाकणार, मी सांगतो त्याले."

मी खरं लिहितो, मला हो म्हणावंसं वाटलं. हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

चंद्रकला आतून आली. "शूटिंग मी करीन."

सागर म्हणाला, "काकू, तुमी? नवरीची माय कॅमेरा घेऊन फिरन का लग्नात?"

"फिरन."

"पाव्हणे कोण पाहीन?"

"पाव्हण्याले डोळे आहेत, ते मलेच पाहातीन."

राहुल हसला. त्याचं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं. सागर म्हणाला, ठीक आहे, पण आमच्या बाजूनं आम्ही स्टुडिओवाला आणू. आणा म्हटलं. तुमची बाजू तुमची.

तो गेल्यावर मी तिला विचारलं, तुला जमेल का? तिनं कॅमेरा उचलला, कार्ड घातलं, चित्र एक पायरी खाली केलं, अन् माझ्याकडे धरला. एवढं सगळं तिला केव्हा आलं, मला कळलंच नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

काल करुणाचं लग्न झालं.

चंद्रकला निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात, पदर कमरेला खोचलेला, हातात तळहाताएवढा कॅमेरा. आधी लोक हसले. मग विसरले. बाया स्टुडिओवाल्याचा लाइट आला की तोंडं फिरवत होत्या, तिच्यासमोर मात्र खुशाल बोलत होत्या, जेवत होत्या, करुणाला हळद लावत होत्या.

प्रतिज्ञेच्या वेळी स्टुडिओवाला बरोबर करुणा-राहुलच्या समोर येऊन उभा राहिला. चंद्रकला म्हणाली, "दादा, बाजूले व्हा."

"बाई, माझं काम चालू आहे."

"मी नवरीची माय आहो. माझं बी चालू आहे."

बौद्धाचार्य थांबले. सगळा मांडव त्याच्याकडे पाहायला लागला. तो सरकला.

माझ्या हाती काही काम नव्हतं. म्हणून पूर्ण वेळ पोरीजवळ उभा होतो. सुजाताच्या लग्नात मी दिवसभर जनरेटरजवळ होतो, हे काल आठवलं.

घर रिकामं आहे. चंद्रकला झोपली आहे, कॅमेरा उशाशी.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

जोडणं सुरू केलं. हे काम माझंच, असं चंद्रकलानं सांगून टाकलं. "काढाचं मी काढलं. आता बसा."

माउस धरला की बाण पळतो, कुठेही दाबला जातो. एक दिवस त्यातच गेला, चिडून कंप्युटर बंद केला. करुणाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, माउस ठेवा बाजूले. कीबोर्डनं करा. स्पेस दाबलं की थांबते. एस दाबलं की तुकडा होते." लग्न होऊन नऊ दिवस झाले अन् पोरगी बोरगाववरून मला बटणं सांगून राहिली. बटण माउससारखं पळत नाही, एका बोटानं हळू दाबता येते. डावा हात अजून शहाणा आहे. त्यानंच करतो.

सुरुवातीला गणपती नाही, फिरणारी फुलं नाहीत. आमच्या दारावरची पाटी, तिच्यावर करुणानं खडूनं लिहिलेली तारीख. मग घंटा नाही, बायांचा गलका. जसा होता तसा.

८ मार्च, शुक्रवार

त्रिशरण-पंचशील पूर्ण ठेवलं. प्रतिज्ञा पूर्ण. एका ठिकाणी राहुल शब्द विसरतो अन् करुणा हळूच सांगते, तेही ठेवलं. अकरा मिनिटं होतात. बोर होणाऱ्यांनी बाहेर जाऊन सुपारी खावी.

पण एक जागा अडली आहे. आशीर्वादाच्या वेळची. मी करुणाच्या डोक्यावर फुलं टाकायला हात वर नेतो अन् हात इतका हलतो की फुलं तिच्या डोक्यावर न पडता राहुलच्या खांद्यावर, खाली, इकडेतिकडे. मागे एक मुलगा हसतो. मग करुणा माझा हात दोन्ही हातांनी धरते अन् स्वतःच्या डोक्यावर ठेवते. तिथंही तो हलतोच, तिच्या केसांतली वेणीही हलते. त्या वेळी मला कळलंच नव्हतं.

सुजाता आली होती, ती म्हणाली, "बाबा, तेवढं काढून टाका. त्यायच्या घरचे पाहातीन."

एस वर बोट ठेवून बसलो. चंद्रकला भाजी निवडत होती. तिला विचारलं, काय करू? म्हणाली, "मी काढलं तेव्हा मले बी वाटलं, कॅमेरा दुसरीकडे फिरवाव. नाई फिरवला. आता तुमी पाहा."

२४ मार्च, रविवार. बोरगाव.

करुणाच्या सासरी आलो आहोत. स्टुडिओवाल्याची सीडी अजून आली नाही, येते येते म्हणतो. आमची सीडी लावली. घरचे नऊ-दहा लोक, शेजारच्या दोन बाया. करुणाच्या सासूबाई पुढे खुर्ची घेऊन बसल्या.

वंदनेला त्यांनी टीव्हीसमोरच हात जोडले अन् सोबत म्हणायला लागल्या. मग दुसऱ्याही. अकरा मिनिटं कोणी उठलं नाही. राहुल शब्द विसरतो तिथं सगळे हसले, तोही हसला. "काकू, तुमी तं आमच्या बाया जेवतानाबी काढल्या," असं कोणीतरी म्हणालं अन् बाया आपापले चेहरे शोधायला लागल्या. सागर मागे दाराला टेकून उभा होता.

मग माझा हात आला. फुलं सांडली, तो मुलगा हसला, करुणानं हात धरला. मी टीव्हीकडेच पाहत राहिलो, खाली पाहिलं नाही.

संपल्यावर सागर जवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "काकाजी, ते एवढं कापता आलं असतं ना? चार सेकंद तं होते."

"नऊ आहेत," मी म्हटलं. "कापता येते मले. एस दाबा लागते."

"मंग काहून नाई कापलं?"

"एका पोरीचं लग्न कापलेलं आहे घरात. दुसरीचं पूर्ण पाहिजे होतं."

सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, पुन्हा लावा. सुरुवातीपासून."

रिमोट माझ्याजवळ होता. बटण दोन वेळा हुकलं. कोणी मदतीला उठलं नाही, सगळे वाट पाहत बसले. तिसऱ्यांदा लागलं.